वंशावळी वाचायच्या कशा? १ इतिहासाच्या पहिल्या नऊ अध्यायांपासून सुरुवात

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलेला माणूस बहुधा तीन जागी अडतो: उत्पत्तीचा पाचवा अध्याय, गणनेतली शिरगणती आणि १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय. तिसरी जागा सगळ्यात अवघड. ४०७ वचने, आणि त्यात गोष्ट म्हणावी अशी जेमतेम चार-पाच. मग पाने उलटली जातात आणि वाचन थेट दहाव्या अध्यायावर, शौलाच्या मरणावर सुरू होते. हे मार्गदर्शन त्या उलटलेल्या पानांसाठी आहे. नऊ अध्याय नीट वाचता आले की एज्रा, नहेम्या आणि मत्तयातल्या याद्या फारशा जड जात नाहीत.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. ही यादी बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांसाठी लिहिली आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यहोयाखीन राजाला पकडून नेले, ५८६ मध्ये यरुशलेम आणि मंदिर जळाले, ५३९ मध्ये पारसाच्या कोरेश राजाने बाबेल घेतले आणि त्यानंतर लोकांना परत जाण्याची परवानगी मिळाली. मंदिर पुन्हा उभे राहिले ५१६ च्या सुमारास. १ इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात दावीदाचे घराणे परतलेल्यांचा पुढारी जरुब्बाबेल याच्याही पुढे काही पिढ्या येते, म्हणजे लिहिणारा त्याच्या बऱ्याच नंतरचा. त्याच्या वाचकांना राजा नव्हता, सैन्य नव्हते, पारसाच्या साम्राज्यातला एक लहानसा प्रांत होता. आपण अजून तेच लोक आहोत का, इथे राहायचे कुणी आणि कुणी काय करायचे, हे त्यांचे प्रश्न होते. यादीतले प्रत्येक नाव या प्रश्नांसमोर धरून वाचायचे.

जवळ काय हवे

कडेला संदर्भ छापलेले एक मराठी बायबल, शक्य असल्यास दुसरे एखादे भाषांतर, एक वही आणि चार रंगांच्या पेन्सिली. शाईचे पेन नको, बायबलचा कागद पातळ असतो. बायबलच्या शेवटी बारा वंशांच्या प्रदेशांचा नकाशा असतो, तिथे एक कागद घालून ठेवा.

दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. एकाच माणसाची अनेक नावे येतात: यहोयाखीन, यखन्या आणि कोन्या हा एकच राजा. भाषांतर बदलले की नावांचे लेखनही बदलते, त्यामुळे नाव सापडले नाही तर वचनाच्या क्रमांकावरून शोधा. दुसरी अडचण क्रमांकांचीच. यहुदी आवृत्त्यांत आणि काही भाषांतरांत सहाव्या अध्यायाची पहिली १५ वचने पाचव्या अध्यायाला जोडलेली असतात. आपल्याकडचे ६:३३ तिथे ६:१८ असते. गटात दोन प्रकारची बायबले असली तर पहिली दहा मिनिटे यातच जातात.

पहिली पायरी: नववा अध्याय आधी

पहिल्या अध्यायापासून सुरुवात करू नका. तिथली पहिली चार वचने म्हणजे आदामापासून याफेथापर्यंत नुसती १३ नावे, क्रियापदही नाही. नवख्या वाचकाचा उत्साह तिथेच मावळतो. नवव्या अध्यायाची १ ते ३४ ही वचने आधी वाचा. सगळी यादी जिथे येऊन पोहोचते ती ही जागा.

यहूदाला त्याच्या अविश्वासूपणामुळे बाबेलास नेले, हे पहिल्याच वचनात एका वाक्यात उरकले आहे. दुसऱ्या वचनात माणसे परत येऊन आपापल्या नगरांत राहू लागलेली आहेत. बंदिवासाला एक वाक्य आणि परतलेल्यांना पुढची तीसेक वचने, हे प्रमाण वहीत टिपून ठेवा.

मग सावकाश १७ ते ३३ वाचा. द्वारपाळ २१२ आहेत. ते चार दिशांना उभे राहतात. गावाकडचे त्यांचे भाऊबंद सात-सात दिवसांच्या पाळीने येतात. काही जण रात्रभर मंदिराभोवती राहतात आणि रोज सकाळी दार उघडतात. कुणी भांडी मोजून बाहेर काढतो, मोजून आत ठेवतो. कुणाकडे पीठ, द्राक्षारस, तेल आणि धूप. मत्तिथ्या नावाच्या माणसाकडे तव्यावरच्या भाकरींचे काम, आणि दर शब्बाथाला समर्पित भाकरी मांडणारे वेगळे. आदामापासून निघालेली यादी भांडी मोजणाऱ्या आणि भाकरी भाजणाऱ्या माणसांपर्यंत येऊन ठेपते. पुनःस्थापना म्हणजे काय, याचे या पुस्तकाने दिलेले सर्वांत ठोस चित्र हेच, असे आमचे मत आहे. मोठमोठी वचने शोधत बसण्यापेक्षा ही कामांची वाटणी दोनदा वाचलेली बरी.

आता एक तुलना. नहेम्याच्या ११ व्या अध्यायात साधारण हीच यादी आहे. तिथे चौथ्या वचनात यरुशलेमात राहणारे म्हणून यहूदा आणि बन्यामीन यांचीच नावे येतात. १ इतिहास ९:३ मध्ये त्यांच्याबरोबर एफ्राईम आणि मनश्शेही आहेत. हे दोन्ही उत्तरेचे वंश. उत्तरेचे राज्य इ.स.पू. ७२२ मध्येच अश्शूरने बुडवले होते आणि त्याआधी दोनशे वर्षे ते यरुशलेमपासून फुटून निघालेले होते. १ इतिहास लिहिणाऱ्याच्या लेखी ते अजून घरचेच. ही दोन वचने वहीत समोरासमोर उतरवून घ्या.

दुसरी पायरी: चार रंग

आता पहिल्या अध्यायापासून वाचत या. एका बैठकीत एकच अध्याय. सहावा ८१ वचनांचा आहे, त्याला दोन बैठका द्या. लाल रंग जिथे यादी थांबून काही सांगते त्या वाक्याला. हिरवा गाव-शिवाराला. निळा कामधंद्याला. पिवळा स्त्रियांना आणि परक्या देशच्या माणसांना. नावांना रंग देऊ नका. सगळ्या नावांवर रंग फासला की पान रंगीत होते आणि दिसत काहीच नाही.

निळ्या रंगाला चौथ्या अध्यायात भरपूर काम आहे: कारागिरांचे खोरे (४:१४), तागाचे कापड विणणाऱ्यांची घराणी (४:२१), राजाच्या कामासाठी राहणारे कुंभार (४:२३). दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी लेखकांची कुळे येतात. दावीदाच्या वंशाच्या आगेमागे कुंभार आणि विणकर बसलेले आहेत.

पिवळ्याला दुसरा अध्याय पुरे. यहूदाची बायको कनानी. तामार, त्याची सून, नावाने नोंदलेली. दावीदाच्या बहिणीचा नवरा येथेर इश्माएली. आणि २:३४ मध्ये शेशान: त्याला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. यरहा नावाचा एक मिसरी चाकर त्याच्या घरी होता, त्याला त्याने मुलगी दिली. त्यांच्या पोटी अत्तय, आणि तिथून यादी अलीशामापर्यंत सलग १३ नावे पुढे जाते. मिसरी चाकराचा वंश यहूदाच्या वंशावळीत कुठलाही शेरा न मारता लिहिला आहे. चौथ्या अध्यायात तर फारोची मुलगीच येते, बिथ्या.

इथे एक सावधगिरी. रूथ मवाबी होती म्हणून ती इथे सापडेल असे वाटते, पण १ इतिहास २:१२ मध्ये बवाज, ओबेद आणि इशाय एवढेच आहेत. रूथचे नाव मत्तयात आहे. एका यादीतले दुसऱ्या यादीत घालून वाचण्याची चूक फार होते, अगदी उपदेशांतूनही.

तिसरी पायरी: जागेचे माप

कोणत्या वंशाला किती वचने ते मोजा. यहूदाला (२:३ ते ४:२३) १००. लेवीला ८१. बन्यामीनाला सातव्या अध्यायात थोडी आणि आठवा अध्याय पूर्ण. नफतालीला एकच वचन, ७:१३. जबुलूनाचे नाव २:१ मध्ये येते, पुढे त्याची वंशावळ नाहीच. दानाचीही स्पष्ट अशी नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. परतलेल्या लोकांत यहूदा, बन्यामीन आणि लेवी हेच जास्त, म्हणून जागा त्यांना जास्त. बाकीच्यांबद्दल हाती जेवढे होते तेवढे लिहिले आणि ओळ रिकामी राहू नये म्हणून नफतालीला एक वचन का होईना दिले. जबुलून का सुटला यावर तर्क पुष्कळ आहेत. नवख्याने त्यात वेळ घालवू नये.

रऊबेनाकडेही लक्ष असू द्या. तो थोरला मुलगा. पण ५:१-२ मध्ये त्याच्या पापामुळे ज्येष्ठपणाचा हक्क योसेफाच्या मुलांना गेला, आणि नेतृत्व यहूदाकडे. हक्क गेला तरी रऊबेनाची वंशावळ मात्र लिहिलीच आहे.

चौथी पायरी: यादी जिथे थांबते

लाल रंगाची वाक्ये आता एका पानावर उतरवून काढा. साधारण दहा-बारा निघतील. त्यातले सर्वांत दाट ७:२०-२७ येथे आहे, एफ्राईमाच्या घरचे.

एफ्राईमाचे मुलगे एजेर आणि एलाद गथाच्या लोकांची गुरे पळवायला गेले आणि तिथेच मारले गेले. बाप पुष्कळ दिवस शोक करत बसला. भाऊ त्याचे सांत्वन करायला आले. मग त्याला आणखी एक मुलगा झाला, त्याचे नाव बरीया. घरावर आपत्ती आली त्या आठवणीवरून ठेवलेले. पुढच्याच वचनात मुलगी शेरा: तिने खालचे आणि वरचे बेथ-होरोन बांधले, आणि उज्जन-शेरा हे तिच्या नावाचे गाव. तीन वचनांनी पुढे नून, आणि नूनाचा मुलगा यहोशवा.

मुलगे चोरीत मेले ही गोष्ट झाकलेली नाही. त्यांना वीर म्हटलेले नाही. भाऊ आले, एवढेच सांत्वन नोंदले आहे. काय बोलले ते नाही. मुलीने गावे बांधली. ज्याच्या हातून देश मिळाला तो याच घरातून आला. मननासाठी एखादाच उतारा निवडायचा तर हा निवडा. वाचून झाल्यावर वहीत तीनच ओळी लिहा: काय मोडले, कोण आले, काय बांधले गेले. प्रार्थनेला एवढे पुरते.

याबेस (४:९-१०) हाही असाच थांबा, पण त्याच्यावर फार गर्दी झाली आहे. आपल्या सीमा वाढव अशी प्रार्थना त्याने केली आणि देवाने ती मान्य केली. ही दोन वचने सुटी काढून धंद्याच्या भरभराटीचा मंत्र करण्याची रीत पडली आहे. त्यात काय चुकते ते पाहा: प्रार्थना ऐकणारा वाचक एका छोट्या प्रांतात, अरुंद सीमेत राहत होता. जमीन गमावलेल्या लोकांसमोर ही प्रार्थना वाचली की ती एकट्याच्या फायद्याची राहत नाही.

पाचवी पायरी: एका नावाचा माग

यादीतले एक नाव घेऊन ते बायबलमध्ये जिथे जिथे येते तिथे जायचे. पहिल्यांदा करताना कोरह घ्या. माग स्पष्ट आहे आणि तासाभरात पुरा होतो.

गणना १६ पासून सुरू करा. कोरह लेवी वंशातला. मोशे आणि अहरोन यांच्याविरुद्ध उठतो. जमीन उघडते आणि त्याच्या लोकांना गिळते. अग्नी निघून धूप जाळणाऱ्या २५० जणांना भस्म करतो. तिथेच थांबलात तर कोरहाचे घराणे संपले असे वाटेल. पण दहा अध्यायांनंतर, शिरगणतीच्या मधोमध, गणना २६:११ मध्ये एक छोटे वाक्य आहे: कोरहाचे मुलगे मात्र मेले नाहीत. यादीतल्या अशा वाक्यासाठीच यादी वाचायची असते.

आता १ इतिहास ६:३३-३८. मंदिरातल्या गायकांचा मुख्य हेमान. त्याची वंशावळ मागे मागे नेत कोरहापर्यंत जाते. वाटेत त्याचा बाप योएल आणि आजा शमुवेल. हा योएल म्हणजे १ शमुवेल ८ मध्ये लाच घेणारा, ज्याच्यामुळे लोकांनी राजा मागितला. बंडखोर पूर्वजाचा वंशज आणि लाचखाऊ बापाचा मुलगा गायकांचा मुख्य झाला आहे.

मग ९:१९. द्वारपाळांचा मुख्य शल्लूम, कोरहाच्याच वंशातला, उंबरठ्याची राखण करणारा. ज्यांच्या पूर्वजाने पवित्र जागेत नको तिथे पाऊल टाकले, त्यांच्याकडे आता त्या जागेच्या दाराची राखण आहे. आता स्तोत्र ८४ उघडा. शीर्षकात कोरहाचे मुलगे आहेत, आणि दहाव्या वचनात गाणारा म्हणतो की दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या दाराशी उभे राहणे बरे. ही ओळ आता द्वारपाळाच्या तोंडची म्हणून वाचा. स्तोत्र ४२, ४४ ते ४९, ८५, ८७ आणि ८८ यांच्या शीर्षकातही हेच नाव आहे. ती पुढच्या आठवडाभरात एकेक वाचायला घ्या.

माग काढताना होणारी नेहमीची चूक म्हणजे नावाचा अर्थ शोधत बसणे. दहा नावांचे अर्थ ओळीने लावून त्यातून एक गुप्त संदेश काढायचा, असे प्रकार उत्पत्ती ५ वर पुष्कळ चालतात. अर्थ बरेचदा ओढूनताणून लावलेले असतात, आणि त्या नादात मजकूर काय उघड सांगतो तिकडे दुर्लक्ष होते. माग घटनांचा काढा.

सहावी पायरी: गावांची यादी आणि अनाथोथ

आता एज्राचा दुसरा अध्याय. परतलेल्यांची यादी घराण्यांनी सुरू होते आणि मध्येच गावांवर येते: बेथलेहेमचे १२३, नटोफाचे ५६, अनाथोथचे १२८, यरीहोचे ३४५. घराणे सांगता येत नसले तरी गाव सांगता येते, आणि तेवढ्यावर माणूस मोजला जातो. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावावरून पडलेली आडनावे आहेत. मराठी वाचकाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

अनाथोथवर थांबा. हे यिर्मयाचे गाव. यिर्मया ११:२१-२३ मध्ये गावचेच लोक त्याच्या जिवावर उठतात आणि त्यांच्यापैकी कुणी शेष राहणार नाही असा इशारा येतो. यिर्मया ३२ मध्ये यरुशलेमला वेढा पडलेला, संदेष्टा पहाऱ्यात अडकलेला, आणि तो चुलतभाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथमधले शेत १७ शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो. खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकेल. शत्रूच्या ताब्यात गेलेली जमीन कोण विकत घेतो? आणि मग एज्रा २:२३: अनाथोथचे लोक, १२८. नहेम्या ७:२७ मध्येही तोच आकडा. त्या १२८ मध्ये हनामेलाचे वंशज होते की नाही ते मजकूर सांगत नाही, आपणही सांगू नये. नुसता आकडा त्या इशाऱ्याशेजारी आणि त्या खताशेजारी ठेवा.

आकड्यांचे एक कोडे इथेच सुटू द्या, नाहीतर गटात हमखास निघते. एज्रा २ आणि नहेम्या ७ दोन्ही एकूण ४२,३६० सांगतात. सुटे आकडे मिळवले तर एज्रात २९,८१८ आणि नहेम्यात ३१,०८९ भरतात. दोन याद्यांत बेथलेहेम आणि नटोफा मिळून अनुक्रमे १७९ आणि १८८. नकलताना आकडे चुकणे सोपे होते, शिवाय एकूण आकड्यात यादीत न आलेलेही धरले असावेत. फरक मोकळेपणाने सांगा. लपवला तर पुढच्या वेळी ऐकणारा कशावरच विश्वास ठेवत नाही.

याच अध्यायात आणखी एक प्रमाण बोलके आहे. याजक ४,२८९ आले, पण लेवी फक्त ७४. ज्यांच्या वाट्याला मंदिरातली मानाची कामे ते हजारोंनी, आणि हाताखालची कामे ज्यांची ते मूठभर. पुढे एज्रा ८:१५ मध्येही प्रवासाला निघालेल्यांत एकही लेवी सापडत नाही, मुद्दाम बोलावून आणावे लागतात. १ इतिहास ९ मध्ये द्वारपाळांचे काम एवढे बारकाईने, एवढ्या मानाने का लिहिले, याचे एक कारण इथे दिसते.

सातवी पायरी: जे यादीत नाहीत

ही पायरी गाळून वंशावळींवर गोड बोलणे सोपे आहे. गाळू नका.

एज्रा २:५९-६० मध्ये दलाया, तोबीया आणि नकोदा यांच्या घराण्यांचे ६५२ लोक आहेत. आपण इस्राएलाचे आहोत हे त्यांना सिद्ध करता आले नाही. ते परत आले आहेत आणि मोजलेही गेले आहेत, पण कागद नाही. पुढे याजकांची तीन घराणी, हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय, वंशावळीत नाव न सापडल्याने याजकपणातून काढली जातात. उरीम आणि थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची साधने) धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र पदार्थ खायचे नाहीत असा निर्णय होतो. निर्णय तात्पुरता आहे, हे नीट वाचा.

हक्कोसाचा माग पुढे लागतो. नहेम्या ३:४ आणि ३:२१ मध्ये उरीयाचा मुलगा, हक्कोसाचा नातू मरेमोथ यरुशलेमच्या कोटाचे दोन भाग दुरुस्त करतो. एज्रा ८:३३ मध्ये मंदिराचे सोने-रुपे ज्याच्या हाती तोलून दिले तो उरीया याजकाचा मुलगा मरेमोथ. दोन्हीकडचा मरेमोथ एकच असेल, आणि तसे दिसते, तर या घराण्याचा याजकपणा पुढे मान्य झाला असे म्हणायला जागा आहे.

पण एज्रा १० ही आहे. तिथली यादी परक्या बायका केलेल्या पुरुषांची आहे, आणि तिचा शेवट बायका-मुलांना घालवून देण्यात होतो. वंशावळ जशी जोडते तशी तोडतेही. शेशानाने मिसरी चाकराला मुलगी दिली ती यादी आणि ही यादी एकाच बायबलात, जवळजवळ एकाच काळातल्या वाचकांसमोर आहेत. दोघींचा मेळ घालण्याची घाई नको. गटात कुणी अस्वस्थ झाले तर ते बरोबर वाचत आहेत.

आठवी पायरी: यखन्यापासून मत्तयापर्यंत

दावीदाचे घराणे तिसऱ्या अध्यायात यखन्यापाशी येते आणि ३:१७ मध्ये त्याला बंदिवान म्हटले आहे. यिर्मया २२:२४-३० मध्ये देव म्हणतो की कोन्या माझ्या हातातली मुद्रिका असता तरी मी ती उपटून काढीन. हा माणूस निःसंतान आहे असे लिहा, असेही तो म्हणतो. इतिहासात मात्र त्याच्या सात मुलांची नावे आहेत. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या शिधापत्रकांतही यहूदाचा राजा आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. मग हाग्गय २:२३: त्याच्या वंशातल्या जरुब्बाबेलाला देव मुद्रिकेसारखा करीन म्हणतो. उपटलेली मुद्रिका परत बोटात. राजपद मात्र परत आले नाही; जरुब्बाबेल पारसाच्या हाताखालचा अधिकारीच राहिला.

मत्तय १ वाचताना ही पार्श्वभूमी सोबत ठेवा. तिथले तीन टप्पे अब्राहाम, दावीद आणि बाबेलचा बंदिवास यांवर तोललेले आहेत. चौदा-चौदाचा हिशेब साधायला योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळले आहेत, आणि शेवटच्या टप्प्यात नावे मोजली तर तेराच भरतात. वंशावळीत पिढ्या गाळणे ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. एज्राने स्वतःच्या वंशावळीत (एज्रा ७) १ इतिहास ६ मधली सहा नावे सोडली आहेत. म्हणून पिढ्यांची वर्षे मिळवून जगाचे वय काढायला जाऊ नका. जरुब्बाबेलाचा बाप इतिहासात पदाया, तर एज्रा आणि मत्तयात शल्तीएल. यावर उपाय सुचवले गेले आहेत, पण निर्णायक असा एकही नाही.

गटात वाचायचे असेल तर

सहा ते आठ माणसे, सव्वा तास. पहिली २० मिनिटे नववा अध्याय मोठ्याने, चार-चार वचने प्रत्येकाने. उच्चार चुकला तर कुणी दुरुस्त करायचा नाही. एकदा दुरुस्ती सुरू झाली की संकोचाने निम्मी माणसे वाचत नाहीत. नंतरची २५ मिनिटे दोघा-दोघांनी एक लाल वाक्य घेऊन तीन ओळी लिहायच्या. उरलेला वेळ बोलायला आणि प्रार्थनेला.

प्रत्येकाने आपापली वंशावळ काढून आणावी असा गृहपाठ मात्र देऊ नका. आपल्याकडे वंशावळ म्हटली की पाठोपाठ आडनाव आणि जात येते. मंडळीत पहिल्या पिढीचे विश्वासणारे असतात, घरच्यांनी नाते तोडलेले असतात, दत्तक आलेले असतात, मूलबाळ नसलेले असतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत ज्याचे गाव सापडत नाही त्याच्यासारखी त्यांची अवस्था होते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१:४) आणि तीताला लिहिलेल्या पत्रात (३:९) वंशावळींच्या वादांपासून दूर राहायला सांगितले आहे, ते अशा मिरवण्यालाही लागू आहे. त्याऐवजी मंडळीच्या कामांची यादी करा: दार कोण उघडते, चटया कोण घालते, हिशेब कोण ठेवते, आजाऱ्याकडे कोण जाते. नावे पूर्ण लिहा, नुसते ‘काकू’ किंवा ‘भाऊ’ नको. यादी पाळकांना दाखवा. दोन-तीन नावे ते नक्की वाढवतील.

पुढच्या महिन्यासाठी नहेम्याचा तिसरा अध्याय घ्या. कोट बांधणाऱ्यांची ही यादी चार रंगांनी वाचायला सोपी आहे: सोनार, सुगंधी द्रव्ये करणारे, शल्लूमाच्या मुली, आणि प्रत्येकाचा कोटाचा तुकडा. पाचव्या वचनात तकोवाच्या मोठ्या लोकांनी कामाला मान वाकवली नाही असे लिहिले आहे. मग सत्ताविसाव्या वचनापर्यंत पुढे जा. तकोवाचेच साधे लोक तिथे दुसरा तुकडा बांधताना सापडतील.